हातावरचं मीठ

आमच्या घरात एक चोर होता आणि त्याचं वय तीन वर्षं होतं. चोरायचा काय, तर मीठ. देवळाली प्रवरेच्या अलीकडच्या वस्तीवर आमचं घर, सगळा उसाचा पट्टा. गुळाची ढेप बारमाही घरात, येताजाता पोरं खडा तोंडात टाकायची. आमचा पठ्ठ्या गुळाकडे ढुंकूनही बघायचा नाही. चुलीमागे चिनी मातीची बरणी असायची, खडे मिठाची. तिचं झाकण वाजलं की मी समजायचे, आली स्वारी. खडा गालात धरून चोखत बसायचा, दुसरी पोरं लिमलेटची गोळी चोखतात तसा. बाजारातून खारे दाणे आणले की वरचं मीठ चाटून घ्यायचा आणि ओले दाणे माझ्या हातावर परत ठेवायचा.

मीठ त्याच्या हातावर मात्र कुणी ठेवत नसे. आमच्याकडे मीठ हातात देत नाहीत, देणाऱ्या-घेणाऱ्यात भांडण लागतं म्हणतात. वाटी खाली ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची. सासरी हे पाळत, आणि माहेरी, जामखेडकडच्या खर्ड्याला, माझी आई तर त्याबाबत इतकी कडक, की आम्ही बहिणींनी चुकून हात पुढे केला तरी पळीचा दांडा बोटांवर बसायचा.

मला लहानपणापासून एक खोड आहे. समोर दिसतं ते तसं का, हे कळल्याशिवाय जिवाला चैन पडत नाही. माहेरी म्हणायचे, हिला 'का'ची बाधा झालीय. सातवी झाल्यावर शाळा सुटली, लग्न झालं, सासरी तोंड आवरायला शिकले. डोळे मात्र कोण आवरणार? मी बघत बसायचे, हा मीठच का खातो.

दुसरी गोष्ट त्याच्या रंगाची. जन्मला तेव्हा चांगला गव्हाळ होता, दोनाचा झाल्यावर सावळा होत गेला. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, त्या म्हणत, रानात उन्हातान्हात हुंदडतो, शिवाय आज्ज्याच्या वळणावर गेलाय. असेल बाई. पण एकदा अंघोळ घालताना मी त्याची मूठ उघडली, तर तळहाताच्या रेषा शाईनं आखल्यासारख्या काळ्या. हिरड्या बघितल्या, त्याही काळपट. आता तोंडाच्या आत कुठलं ऊन लागतं, सांगा मला. मी ह्यांना दाखवलं. हे तेव्हा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते, दिवसभर गाड्या मोजून डोकं उठलेलं. म्हणाले, तुझं आपलं काहीतरीच.

काहीतरीच नव्हतं ते, माझा जीव घाबरा होता. कारण याच्या आधीचा माझा मुलगा पुरता महिन्याचा होतो न होतो तोच गेला. दूध प्यायचा, सगळं ओकायचा, बघता बघता सुकून गेला. त्याच्याबद्दल मला अजून नीट बोलता येत नाही. लोकांनी बोलायचं ते बोलून घेतलं. माझ्या पाठीमागे म्हणत, आईचा गुण लागलाय हिला. माझ्या आईचे दोन मुलगे असेच गेलेले, एक तान्हा आणि एक चांगला चौथ्या वर्षात चालता-बोलता. आम्ही तिघी बहिणी मात्र ठणठणीत. तेव्हापासून खर्ड्याच्या बाया बारशाला आईला बोलवायच्या, पण पाळण्याची दोरी तिच्या हातात देत नसत. ती आपली दाराशी बसून घुगऱ्या घेऊन यायची. हे मी डोळ्यांनी बघितलेलं. म्हणून मला दुसरं काही नको होतं, हा एवढा जगायला पाहिजे होता.

दुष्काळाचं साल होतं. पाटाला पाणी नाही, उन्हाळा नुसता भाजून काढत होता. पोरगं मलूल राहायला लागलं. मध्येच ओकायचं, खेळता खेळता सावलीला जाऊन बसायचं. आत्याबाईंचा त्याच्यावर माझ्याहून जास्त जीव. त्यांनी ठरवलं, हे सगळं मिठानं होतंय. मिठानं रक्ताचं पाणी होतं, पोटात जंत होतात. बरणी फडताळात वरच्या फळीवर गेली, फडताळाला कुलूप लागलं आणि किल्ली त्यांच्या कमरेला.

मी म्हटलं, आत्याबाई, मागतोय तर काही कारणानं मागत असेल. त्या म्हणाल्या, उद्या माती मागितली तर माती देशील का?

फडताळाखाली उभा राहून तो रडायचा. मग रडणंही बंद झालं. मी भाकरी थापायला बसले की शेजारी यायचा आणि माझ्या दंडावरचा घाम चाटायचा. आत्याबाईंना हसू यायचं, वासरू झालंय म्हणायच्या. मला हसू येत नव्हतं. घाम खारट असतो एवढं मला कळत होतं, पण त्याच्या पुढे काय हे कळत नव्हतं, आणि त्याची मला चीड यायची.

असे काही दिवस गेले आणि एका सकाळी तो उठलाच नाही. म्हणजे डोळे उघडे, पण मान टाकलेली. सारखा ओकत होता. गावातल्या डॉक्टरांनी ग्लुकोजचं पाणी पाजायला सांगितलं, तर ते पाजून आणखी खालावला. हात गार पडले. ह्यांनी कारखान्यातून जीप मिळवली. राहुरी मागे पडली तेव्हा मी त्याच्या नाकाशी बोट धरून बसले होते, श्वास लागतोय का बघत. आत्याबाई पुढच्या सीटवर देवाला बोकड बोलत होत्या. नगर आलं तेव्हा माझं बोट तसंच वाकडं राहिलेलं.

दवाखान्यात सलाइनची बाटली लावली. आणि काय सांगू, दुपारपर्यंत पोरगं उठून बसलं, माझ्याकडे बघून 'आई, घरी' म्हणालं. मी तिथंच फरशीवर बसून रडले. सगळे म्हणाले, ऊन लागलं होतं, पोट बिघडलं होतं, झालं बरं. बाटली काढली, पथ्याचं खाणं सुरू झालं. दूध, साखर घातलेली पेज, सगळं अळणी. दुसऱ्या दिवशी त्यानं परत मान टाकली.

आता मला नवल वाटायला लागलं. बाटलीत असं काय होतं, की ती चालू असेपर्यंत बरा आणि काढली की परत तेच? मी नर्सला विचारलं. ती घाईत होती, म्हणाली, मिठाचं पाणी असतं त्यात. मिठाचं! मी जागच्या जागी उभी राहिले.

त्या दुपारी लहान मुलांच्या मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. पन्नाशीच्या, जाड भिंगाचा चष्मा, आवाज अगदी खालचा. त्या खाटेवर टेकल्या आणि आधी काय केलं, तर त्याची मूठ उघडून तळहाताच्या रेषा बघितल्या. माझ्याशिवाय दुसरं माणूस पहिल्यांदाच त्या रेषा बघत होतं. मग माझ्या तोंडाला कुलूप राहीना. रंग कधी बदलला, हिरड्या, बरणी, खारे दाणे, फडताळ, घाम, सगळं सांगून टाकलं. ह्यांनी मला डोळ्यांनी दटावलं, पण बाई ऐकत होत्या. त्यांनी रखवालदाराकडून बशीत चिमूटभर मीठ मागवलं आणि खाटेवर ठेवलं. पोरगं इतकं गळून गेलेलं, तरी त्याचा हात बशीकडे गेला. सगळं संपवून त्यानं बशी चाटली. बाईंनी बाटली परत लावायला सांगितली आणि त्याचं रक्त बर्फात घालून माणसाबरोबर एसटीनं पुण्याला पाठवलं.

मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणी मूल असं गेलंय का?

हा प्रश्न आल्या दिवशीही विचारला होता आणि ह्यांनी उत्तर दिलं होतं. आताही तेच दिलं. थोरला उलट्यांनी गेला, बाकी आमच्या घराण्यात असलं काही नाही. आत्याबाईंनी दुजोरा दिला, सात पिढ्यांत कुणी पोर असं गेलेलं नाही म्हणाल्या. दोघंही खोटं बोलत नव्हते. घराणं म्हणजे कुणाचं, तर ज्यांचं आडनाव लावायचं त्यांचं. लग्न करून आलेल्या बाईचं माहेर त्यात कुठून येणार? तिकडच्या माणसांचं तर सुतकसुद्धा इकडे कुणी धरत नाही. मी स्वतः तिथं उभी होते, दोन्ही वेळा प्रश्न ऐकला, आणि तो मला विचारलाय असं मलाही वाटलं नव्हतं.

पण बाईंचं पेन थांबलेलं होतं. त्या 'नाही' लिहीत नव्हत्या, काहीतरी राहिलंय असं बघत होत्या. मी म्हटलं, "बाई, माहेरचं धरतात का ह्यात?"

"धरतात म्हणजे? मला माहेरचंच पाहिजे."

मी माझ्या दोन भावांचं सांगितलं. त्यांनी विचारलं, बहिणी? म्हटलं, तिघी आहोत, धडधाकट. "फक्त मुलगेच गेले?" मी म्हटलं, मुलगेच. बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि परत घातला. त्या पहिल्यांदाच जराशा हसल्या, आणि मला कळलं की बाईंना सापडलंय.

पुण्याहून निरोप आला, रक्तात मीठ फार कमी आहे. लघवीच्याही काही तपासण्या झाल्या. मग बाईंनी आम्हाला बसवून समजावलं. प्रत्येक मूत्रपिंडाच्या वरच्या अंगाला एक लहान ग्रंथी असते. ती शरीरातलं मीठ धरून ठेवते, आजारपणात जीव सावरते. ह्याच्या त्या दोन्ही ग्रंथी पोटात असतानाच नीट घडलेल्या नाहीत. मीठ लघवीवाटे निघून जातं, म्हणून हा खातो. ती त्याची खोड नाही, त्यावर तो इतके दिवस जगलाय.

ह्यांना एवढं पुरलं. मला कुठलं पुरतंय? मी विचारलं, काळा का झाला? त्या म्हणाल्या, डोक्यातून त्या ग्रंथीला काम कर म्हणून सारखे हाकारे जातात. ती करत नाही, म्हणून आणखी हाकारे. त्या हाकाऱ्यांनीच कातडी काळवंडते. मी विचारलं, मुलग्यांनाच का? त्या म्हणाल्या, हे आईकडून येतं, मुलींना बाधत नाही, पण मुली ते पुढे नेतात. असलं दुखणं फार क्वचित सापडतं, मीही पुस्तकाबाहेर पहिल्यांदा बघतेय.

आईकडून. मी मान खाली घातली. आत्याबाई शेजारीच बसल्या होत्या. म्हटलं, आता माझी धडगत नाही. बाईंनी माझ्याकडे बघितलं असावं, कारण त्या म्हणाल्या, "तुमच्याकडून आलंय, तुम्ही केलेलं नाही. आणि तुम्ही सांगितलं नसतं तर मी अजून चाचपडत असते."

वस्तीवर परतलो त्या दिवशी आत्याबाईंनी लुगड्याचा काष्टाही सोडला नाही, आधी फडताळ उघडलं, बरणी काढली आणि चुलीमागे, त्याचा हात पोचेल अशी ठेवून दिली. नंतर माजघरात जाऊन बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

मग आमचा संसार गोळ्यांचा झाला. गोळी कडू जहर, ती मधात खलून द्यायची. महिन्याला एक तेलकट इंजेक्शन, त्यासाठी नगरची वारी. ताप आला, उलटी झाली, पडझड झाली, तर गोळी दुप्पट, आणि पोटात ठरली नाही तर थेट दवाखाना. मीठ त्याला पाहिजे तेवढं. पाहुणे यायचे, एवढंसं पोर मूठभर मीठ खातंय बघून कपाळाला हात लावायचे. आत्याबाई त्यांच्यावर खेकसायच्या, त्याचं औषध हाय ते, नजर लावू नका. दृष्ट काढताना मात्र मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायच्या, आणि तो चुलीकडे असा बघायचा की वाया गेलं सगळं. हाताच्या रेषा हळूहळू उजळल्या. मी रोज सकाळी त्याची मूठ उघडून बघायचे.

तरी ती ग्रंथी असते कशी, हा किडा माझ्या डोक्यातून जाईना. आत्याबाईंच्या नवसाचा बोकड कापायला मुलाणी आला, तेव्हा मी त्याला म्हटलं, भाऊ, गुर्दा चरबीसकट दाखवा जरा. जमलेल्या बाया फिदीफिदी हसल्या, हिला गुर्दा खायचे डोहाळे लागले वाटतं. हसा म्हटलं. त्यानं चरबी बाजूला करत दाखवलं, तर गुर्द्याजवळ चिंचोक्याएवढी, तपकिरी, चपटी गाठ. तो म्हणाला, ही तर आम्ही टाकून देतो, कशाला पायजे? मी ती तळहातावर घेतली. इतकीशी वस्तू! हिच्यापायी माझा एक मुलगा गेला, माझे दोन भाऊ गेले, आणि माझ्या आईच्या हातून पाळण्याची दोरी गेली. मला राग यायला हवा होता, पण मी नुसती बघत राहिले, उलटीपालटी करून.

आईला अजून काहीच माहीत नव्हतं. आणि सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं, कारण धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला खर्ड्याला आली होती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, मुलगा झाला तर पहिल्या दिवसापासून लक्ष पाहिजे, तिचं बाळंतपण इथंच करा. मी पोराला घेऊन जामखेडमार्गे एसटीनं निघाले. दोन्ही बाजूला उघडंबोडकं माळरान, रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या बाया. वाटभर मनात जुळवत होते, कसं सांगू.

आईचं घर धाब्याचं, मातीच्या भिंतींचं. मागच्या खोलीतल्या भिंतीला कायम लोणा धरायचा. खालून ओल चढून भिंतीवर पांढरी खारट पूड फुटते, तो लोणा. आई दर वर्षी खरवडून सारवायची आणि परत तो यायचा. आई, बहीण आणि मी त्या भिंतीपाशीच बसलो. मी सगळं सांगितलं. बहीण पोटावर हात ठेवून ऐकत होती, मध्ये मध्ये विचारत होती. नगरला यायला ती लगेच तयार झाली. पुढे तिला मुलगी झाली, तो भाग वेगळा.

मी म्हटलं, आये, कळलं का तुला? तुझ्या पायगुणानं, पापानं काही झालेलं नाही. असा रोग होता, आणि तेव्हा कुणालाच माहीत नव्हता. मला वाटलं होतं, तिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल, ती रडेल, मला जवळ घेईल. तिनं भलतंच विचारलं.

"मीठ मागतो म्हंजी, कसं मागतो ह्यो?"

मी सांगितलं. बरणी, खारे दाणे, माझ्या दंडावरचा घाम. तिची नजर माझ्यावरून सरकून भिंतीवर गेली.

"माजा थोरला हितं बसायचा," ती म्हणाली. "ही भित चाटायचा. माती खातंय म्हनून म्या चुलीतल्या लाकडानं मारायची. लई मारलं. तरी यायचा." मग माझ्याकडे वळून, "माती न्हाई व्हय गं खात त्यो?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण ती माझीच आई, तिलाही 'का' कळल्याशिवाय चैन पडणार नव्हतं. मी म्हटलं, "न्हाई आये. मीठ खात होता."

बहीण रडायला लागली. आई रडली नाही. माझं पोरगं इकडेतिकडे फिरत होतं, ते त्या भिंतीपाशी गेलं, बोटानं पांढरी पूड टिपली आणि बोट तोंडात घातलं. बहीण सवयीनं म्हणाली, अरे, नको रे. आईनं तिला हातानं थांबवलं. ती गुडघ्यावर हात टेकत उठली, स्वयंपाकघरात गेली आणि मूठ मिटून आली. वाटी नव्हती तिच्याजवळ. ती त्याच्यापुढे उकिडवी बसली आणि तिनं मूठ उघडली. मीठ होतं, खडे, तळव्यावरून सांडतील एवढे. उभ्या आयुष्यात तिनं कुणाच्या हातावर मीठ दिलं नव्हतं.

त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्या तळहातावर तोंड टेकवलं. आई हलली नाही. खडे संपले, तरी तो तिच्या हाताच्या रेषा चाटत राहिला.

"आनिक देऊ?" तिनं विचारलं.

त्यानं मान डोलावली. ती परत आत गेली.